सुदाम टर्बोवाला

बोलता बोलता सुदाम मिस्त्री एकदम थांबायचे. तोंडातला शब्द अर्धा राहायचा, हातातला पाना तसाच हवेत, आणि तर्जनी वर. मग समोरच्याने गप्प बसायचे, हा त्यांच्या शेडचा नियम होता. थोड्या वेळाने महामार्गावरून एखादा ट्रक धडधडत जायचा. त्याचा आवाज पार विरला की मिस्त्री उरलेला अर्धा शब्द पुरा करायचे. नवख्या माणसाला वाटे, गोंगाटात बोलता येत नाही म्हणून थांबले असतील. पण बोट वर जायचे तेव्हा रस्ता रिकामा असायचा. आम्हाला काहीच ऐकू येत नसे. कधी कधी तर ट्रक येतच नसे. बोट वर, आम्ही श्वास धरून बसलेले, समोर तापलेला डांबरी रस्ता. मग मिस्त्री बोट खाली घेत आणि म्हणत, "गेला." काय गेले, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

मी तेव्हा महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, आदिलाबादकडच्या गुडीहत्नूरच्या मराठी शाळेवर शिक्षक होतो. माझे गाव बेला, खोली शाळेच्या मागे. मिस्त्रींची शेड महामार्गाच्या कडेला, गावापासून पाऊण किलोमीटरवर. ते फक्त टर्बो दुरुस्त करीत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चकती फिरते, ती बाहेरची हवा दाबून परत इंजिनात कोंबते आणि गाडीला ताकद येते, तो टर्बो. दिसायला गोगलगायीसारखा. मिस्त्री त्याला शंख म्हणत आणि खरोखरच शंखासारखा कानाला लावत. गाडीतून काढलेला, थंड पडलेला लोखंडी शंख डोळे मिटून मिनिट-मिनिट ऐकत बसत.

"काय ऐकू येते?" मी एकदा विचारले.

"रस्ता," ते म्हणाले. "ज्या रस्त्यानं आला थो रस्ता. कान लावा, गुरुजी. डोयानं नुसता रंग दिसते."

मी लावला. मला माझ्याच रक्ताची सूं सूं ऐकू आली.

शेडच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर अपघातातल्या गाड्यांचे टर्बो ओळीने मांडलेले, सगळ्यांची तोंडे भिंतीकडे. ते त्यांनी कधी खोलले नाहीत, कोणाला दिलेही नाहीत. एप्रिलच्या दुपारी गरम वारा सुटला की ती अख्खी ओळ हुंकारायची. एखाद्या घरात चार-पाच माणसे तोंड दाबून बोलत असावीत, तसा तो आवाज. भिंतीकडे तोंड का, असे विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "रस्त्याकडे केलं का हाका मारतेत."

हे सगळे ऐकून लोक त्यांना अर्धवट समजत. पण नागपूर ते हैदराबाद जाणारे जुने ड्रायव्हर मात्र वाट वाकडी करून त्यांच्याकडे थांबत. ते खाली उतरायच्या आधीच मिस्त्री आतून ओरडून सांगत, "बेरिंग गेलं तुयं," आणि ते गेलेलेच असे.

ही विद्या त्यांनी कुठे घेतली, ते एका दुपारी त्यांनी स्वतःहून सांगितले. पंचविशीत ते मोठ्या भावाबरोबर ट्रकवर होते. भाऊ आणि हे आळीपाळीने चालवायचे. निर्मळकडच्या घाटात कापसाची गाडी उतरत असताना टर्बोचे सील फुटले आणि त्यातले तेल इंजिनात जाऊ लागले. डिझेलचे इंजिन मग स्वतःचेच तेल जाळत सुटते. भाऊ म्हणाला, किल्ली काढ. यांनी काढली.

"किल्ली माह्या हातात, गुरुजी. आन् इंजिन अजून जोरानं. पांढरा धूर असा का रस्ताच दिसे ना. भाऊ म्हने, उडी टाक. म्या टाकली. थो नाही टाकू शकला, खाली वळनावर बाजार भरला होता. गाडी त्यानं डोंगराकडं घेतली."

बोलताना ते टर्बोची चकती कापडाने पुसत होते. पुसायचे काही राहिले नव्हते, तरी पुसत होते.

"त्याच्या आदल्या दिवसापासून थो शंख शिट्टी मारून राह्यला होता. आमाले वाटलं, गाडी खुशीत हाय."

आता मी माझ्याविषयी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. मला गाड्यांचे वेड. घेण्याची ऐपत नाही, म्हणून वाचण्याचे. इंटरनेटवर एक मंडळ होते, देशभरातले हौशी लोक तिथे अजून बाजारात न आलेल्या गाड्यांबद्दल वाद घालत. त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच गाडी होती. एक कंपनी जोरदार पळणारी नवी गाडी आणणार, एवढेच ठाऊक. तिला टर्बो एक की दोन, की विजेवर फिरणारा, यावर रोज शेकडो लोक भांडत. कोणी कारखान्यातल्या भाच्याचा हवाला देई, कोणी धूसर फोटोचा.

आणि ती गाडी आमच्याच रस्त्यावरून जाऊ लागली. मे महिना, उन्हाचा कहर; तिला उन्हात तपासायला आणले असावे. अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे वेष्टण, त्यामुळे नजर तिच्यावर ठरतच नसे. कडा कुठे संपते ते कळायचे नाही. सकाळी उत्तरेकडे जायची, दुपारी परत यायची. रिकाम्या रस्त्यावर उन्हाच्या झळांतून ती उगवली की रस्त्याचाच एक तुकडा सुटून आपल्याकडे येतो आहे असे वाटे.

शाळेला सुट्टी होती, तरी मी रोज शेडवर जाऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा मिस्त्री रस्त्याकडे पाठ करून उभे होते.

"दोन हायेत," ते म्हणाले. "लहान भईन पयले उठते. मोठी झोपून राह्यते, गाडीनं जोर धरला का मंग उठते."

एवढ्या मोठ्या वादाचा निकाल एका पत्र्याच्या शेडमध्ये लागला होता. मी लगेच फोन काढला.

"आन् हे बी लिवा," मिस्त्री म्हणाले. "मोठी आजारी हाय. उठताना कन्हते. खोलून पाहाले सांगा त्यायले."

मी खोलीवर जाऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले: आदिलाबादकडच्या एका मिस्त्रीने नुसत्या आवाजावरून ओळखले, टर्बो दोन, एक लहान, एक मोठा, पाठोपाठ चालू होणारे. आजाराचे लिहिले नाही. ते लिहिले असते तर लोक हसले असते, माझ्या बातमीची किंमत गेली असती. खरे कारण एवढेच. दोन दिवसांत माझे वाक्य सगळीकडे पसरले. कोणी व्हिडिओ केले, कोणी मिस्त्रीला महाराष्ट्रात नेऊन बसवले, कोणी तो आंधळा आहे असे जोडले. मी फोन हातातून ठेवीत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी विचारले, "थे लिवलं का, गुरुजी? आजाराचं?"

"लिहिलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि ते कामाला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी गेली आणि मिस्त्रींनी नाक वर केले. "तेल सोडून राह्यली," ते म्हणाले. मला रस्त्यावर डाग दिसला नाही, वासही आला नाही. त्यांनी दोन बादल्या वाळू भरून दाराशी ठेवली, गोणपाट पाण्यात भिजवले. जेवले नाहीत. बारा वाजून गेल्यावर त्यांचे बोट वर गेले. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. फळीवरचे टर्बो वारा नसताना हुंकारत होते. निदान मला तसे वाटले. मग मिस्त्री उठले, लाल फडके घेतले आणि भर रस्त्यात जाऊन उभे राहिले.

"मिस्त्री, बाजूला व्हा!" मी ओरडलो. त्यांनी ऐकले नाही.

गाडी आली ती केवढ्या वेगाने. ब्रेक करकचून लागले, रबराचा धूर झाला आणि ती त्यांच्यापासून वीसेक पावलांवर तिरपी होऊन थांबली. आत एक चालक आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली एक तरुण इंजिनिअर. चालकाने इंजिन बंद करून शिव्या द्यायला तोंड उघडले. इंजिन बंद होते. पण आत कोणीतरी बारीक शीळ घालीत होते. ती शीळ हळूहळू खाली उतरत गेली, आणि ती थांबण्याआधी पट्ट्यांच्या खालून निळा धूर निघाला.

"उतरो! पैले उतरो!" मिस्त्री धावले. चालक उडी मारून बाहेर पडला. मुलीच्या बाजूचे दार उघडेना. मिस्त्रींनी गोणपाट हाताला गुंडाळून दार ओढले, तिला बाहेर खेचले, आणि तोवर पुढचा भाग भडकला होता. ते वाळूची बादली घेऊन परत गेले. मी दुसरी उचलली, पण माझे पाय पुढे जाईनात. तेवढ्यात त्यांच्याजवळच्या चाकाचा टायर फुटला. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

वेष्टण वितळून गळत होते. आतली खरी गाडी कशी होती, ते शेवटपर्यंत दिसले नाही.

मिस्त्री शेडच्या पायरीवर बसले, भाजलेले हात पाण्याच्या घमेल्यात, दोन्ही कानांतून रक्त. इंजिनिअर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून रडत होती. मग तिने मला हिंदीत विचारले, यांना कसे कळले? आवाजावरून, मोठा आजारी आहे हे ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, असे मी सांगितले. दोन टर्बोंचे ओळखणारे तेच, हेही सांगितले. ती झटकन माझ्याकडे वळली.

"वो पोस्ट आपकी थी? हम सबने पढ़ी थी. दो हैं, ये बाहर किसी को मालूम ही नहीं था." मग ती म्हणाली, "उसमें इतना भी लिखा होता कि बड़ा वाला बीमार है, तो मैं उसी दिन गाड़ी खुलवा देती."

मिस्त्री पाण्यातल्या हातांकडे पाहत होते. त्यांनी हे ऐकले की नाही, मला कळले नाही.

कंपनीची माणसे आली, सांगाडा ताडपत्रीत गुंडाळून घेऊन गेली. मंडळावर पुढे कितीतरी महिने वाद चालू होता. शेवटी शेवटी काहींचे मत पडले की अशी गाडी नव्हतीच. मिस्त्रींचा डावा कान त्याच दिवशी गेला. उजवा दीड महिन्यात हळूहळू विझला. शेड बंद करून ते तामसीकडच्या आपल्या गावी राहायला गेले.

ते वारले त्याच्या दोनेक महिने आधी मी बसने त्यांच्या गावी गेलो. कोणाला कळवले नव्हते. त्यांच्या बायकोने दारातच चहाचा कप हातात दिला. "सकाळीच म्हने, गुरुजी येऊन राह्यले, चहा टाकून ठेव," ती म्हणाली. "कायी आयकू येत नाही त्यायले, पन असं करतेत."

मिस्त्री खाटेवर बसले होते. मी वहीचे पान काढून सगळे लिहिले. आजाराचे ते वाक्य मी लिहिलेच नव्हते, तुम्हाला खोटे सांगितले, तुमचे कान माझ्यामुळे गेले. त्यांनी अक्षरांखाली बोट फिरवत, ओठ हलवत, ते हळूहळू वाचले. पान घडी करून मला परत दिले.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते फार हळू बोलत. "तुमी 'लिवलं' म्हनले ना, तवाच. आवाजच तसा होता."

मी पानाच्या मागे त्यांच्याच बोलीत लिहिले, मंग काऊन नाही बोलले?

त्यांनी ते वाचले. माझ्याकडे पाहिले, रागाने नाही.

"वाटलं, घरी जासान आन् लिवसान."