नंबर नसलेली सिस्टर

बार्शीटाकळीची कौशल्या एकोणीस वर्षं अकोल्यातल्या एका खासगी हृदयरोग दवाखान्यात सिस्टर होती, आणि कागदावर ती कुठेच नव्हती. ज्या नर्सिंग कॉलेजात तिनं उमेदीची तीन वर्षं घातली, त्याला मान्यताच नव्हती. संस्थाचालक म्हणायचे, पुढच्या वर्षी येते. मान्यता काही आली नाही. कॉलेजच्या जागी मंगल कार्यालय मात्र उभं राहिलं. मान्यता नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून नंबर नाही. आणि नंबर नसलेली नर्स कायद्यानं नर्सच नव्हे.

पण मरणाच्या दारातला माणूस नंबर थोडाच विचारतो? ईसीजीची पट्टी हातात घेऊन ती सांगायची, "डॉक्टरसाहेब, हा गॅस नोहे, अटॅक हाय." बहुतेक वेळा तेच निघायचं. नव्या पोरींना शॉकचं यंत्र तिनंच शिकवलं. त्या पोरी नागपूर-पुण्याला मोठ्या पगारावर गेल्या. हिला पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकायला कोण सोडणार? नवऱ्याच्या, सूर्यभानच्या, एकट्या ऑटोवर घर चालत नव्हतं.

दरवर्षी तपासणीची कमिटी आली की दवाखाना सोंग घ्यायचा. अमरावतीहून वर्षाली यायची. तिच्याकडे नंबर होता, तोच दवाखान्यानं भाड्यानं घेतला होता. नाव वर्षभर हजेरीपटावर, आणि स्वतः फक्त तपासणीच्या दिवशी. लग्न झाल्यापासून तिनं पेशंटला हात लावला नव्हता. पोरगी वाईट नव्हती, पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. कौशल्यानं त्या दिवशी आयाची तपकिरी साडी नेसायची आणि पोछा धरायचा. यंदा मालक डॉक्टरांनी बजावलं होतं, "पेशंटले हात लावशीन तं दवाखान्याची मान्यता जाईन, अन् तुयी नोकरीबी."

चार नंबरच्या खाटेवर बाळापूरचे वामनराव होते. चार दिवसांपूर्वी कौशल्यानंच त्यांना शॉक देऊन परत आणलं होतं. त्यांच्या बायकोला, पार्बताबाईंना, ती म्हणाली होती, "मी हाय नं इथं. तुमी निजा जराशा."

साडेअकराला मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली. हृदय चालत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. ड्युटीवरचे डॉक्टर खाली कमिटीतल्या दोघांना ऑपरेशन थिएटर दाखवत होते. कमिटीतल्या तिसऱ्या बाई फाइल घेऊन खाटांजवळच उभ्या होत्या.

वर्षालीनं यंत्र ओढलं, चार्ज केलं, दोन्ही बटणं दाबली. शॉक बसेना. पुन्हा दाबली. आदल्या दिवशी दुसऱ्या पेशंटसाठी कुणीतरी यंत्र ठोक्याशी जुळवून ठेवलं होतं. ठोका सापडला तरच ते शॉक देणार, आणि वामनरावांना आता ठोकाच नव्हता. 'सिंक' लिहिलेलं एक बटण तेवढं बंद करायचं होतं. कौशल्या सहा पावलांवर उभी होती.

"सिंक काढ," ती पुटपुटली. वर्षालीला ते ऐकू गेलं नाही. फाइलवाल्या बाईंनी मात्र मान वळवली. कौशल्या झटकन खाली वाकली आणि कोरडीच फरशी पुसू लागली. त्या वाकण्याला माफी नाही, आणि हे तिला वाकतानाच ठाऊक होतं.

डॉक्टर धावत वर येईपर्यंत सहा मिनिटं गेली. मग बटण निघालं, शॉक बसले, एक सोडून चार. वामनराव गेले. बाईंनी फाइलीत लिहिलं, नोंदणीकृत परिचारिका जागेवर हजर. दवाखान्याची मान्यता कायम राहिली.

पार्बताबाई दाराबाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. कौशल्या पोछा घेऊन बाहेर आली, तशी त्यांची नजर तिच्या तपकिरी साडीवर गेली.

"सिस्टर, तुमी तं तिथंच होत्या नं? काचीतून दिसून राह्यल्या होत्या मले. मंग कावून हात नाही लावला?"

"मी सिस्टर नाही, काकू."

"मंग त्या दिशी कोन होत्या?"

कौशल्या पोछा घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढऱ्या कपड्यांत ड्युटीवर हजर झाली. चार नंबरवर नवा पेशंट आला होता.