बडोद्याची विमला

पूर्णगडाच्या थांब्यावर एसटी उभी होती, टपावर माझी ट्रंक चढली होती आणि आई अजून पिशवीत कोकमं कोंबत होती. लग्नाला वीस दिवस झाले होते. आमचे हे बडोद्याच्या एका कारखान्यात फिटर. रजा संपलेली, म्हणून आत बसून सारखे घड्याळ बघत होते. बाबा प्राथमिक शाळेतले गुरुजी. ते खिडकीशी आले आणि वर्गात सांगावं तसं म्हणाले, "पत्र मोठ्या अक्षरात लिही. मला सगळ्यांना वाचून दाखवायचं असतं." आई त्यांच्या मागून म्हणाली, "काय पण लिही गो बाय. पण लिही." गाडी सुटली. खाडीचं पाणी तेव्हा डाव्या हाताला होतं की उजव्या, आता आठवत नाही. स्वप्नात ते कधी इकडे असतं, कधी तिकडे.

गावात राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या ट्रंका घेऊन निघून गेलेल्यांनो, मी हे लिहितेय ते तुमच्यासाठी. विषय म्हणाल तर टीव्हीवरच्या मालिका. हसा, खुशाल हसा. चाळीस वर्षं मी मालिका बघतेय, आणि ज्या गोष्टीला चाळीस वर्षं दिली तिच्यावर चार शब्द बोलायचा मला हक्क आहे.

बडोद्यात आम्हाला कॉलनीत एक खोली आणि एक स्वयंपाकघर मिळालं. चढ नाही, उतार नाही, वाऱ्याला खारटपणा नाही. सगळं कसं इस्त्री केल्यासारखं सपाट. ह्यांच्या शिफ्ट बदलत्या, आणि मी दुपारभर खिडकीच्या गजांना धरून रस्ता बघायची. शेजारी हंसाबेन राहायच्या. पहिल्याच रविवारी त्यांनी दार वाजवलं, "आवो ने, बेसो ने" म्हणत मला ओढत नेलं आणि सरकत्या दारांचं एक लाकडी कपाट उघडलं. आत टीव्ही. काळापांढराच, पण काचेवर रंगीत प्लास्टिक लावलेलं, वर निळं, खाली हिरवं. त्यामुळे सगळ्या माणसांची डोकी निळी आणि पाय हिरवे दिसत. त्या निळ्या उजेडात मी विमलाला पहिल्यांदा बघितलं.

मालिकेचं नाव सांगत बसत नाही, आम्ही बायका तिला 'विमला' असंच म्हणायचो. लखनौच्या कापडवाल्यांची सून. तिला मुलींच्या शाळेत शिकवायला जायचं होतं आणि सासऱ्यांना ते नको होतं. बास, एवढीच गोष्ट, पण ती वर्षभर पुरली! आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, अर्धा तास. विमलाकडे बाहेर नेसायच्या दोनच साड्या होत्या, आम्ही मोजल्या होत्या. ती खिडकीत उभी राहिली की कॅमेराही गप उभा राहायचा. आताच्या मालिकांत एक थप्पड बसली की चार बाजूंनी तीनदा दाखवतात, वर ढोल बडवतात. बायका झोपतात त्याही शालू नेसून! मी बघते, नाही असं नाही. रोज बघते आणि रोज शिव्या घालते. पण विमलाची आठवडाभर वाट बघावी लागायची. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, पुढे काय होईल ते आपलं आपणच रचायचं. अर्धी मालिका तर आमच्याच डोक्यात चालायची.

आणि ती मी गावी लिहून पाठवायची. पूर्णगडात तेव्हा टीव्ही नव्हता. माझं पत्र आलं की बाबा पडवीत खुर्ची टाकून ते मोठ्यांदा वाचायचे आणि शेजारपाजारच्या बाया हातातली कामं टाकून जमायच्या. शेजारच्या खतिजाबी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत ऐकायच्या. आईला स्वतःला वाचता येत नव्हतं. बाबांनी गावातल्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली, आईला शिकवायचं तेवढं राहून गेलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्यामुळे असं झालं, की मला आईला जे सांगायचं ते आधी बाबांच्या तोंडून अख्ख्या पडवीला कळणार. मग लिहायचं काय? 'आम्ही सर्व खुशाल' आणि चार पानं विमला.

दिवाळीच्या आधी मला दिवस गेले. तीन महिने सरल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत, म्हणून गावी कळवलं नाही. आणि तीन महिने सरायच्या आतच ते संपलं. हे कामावर होते. हंसाबेननी रिक्षा आणली, दवाखान्यात त्याच माझा हात धरून बसल्या, "चिंता ना कर, दीकरी" म्हणत राहिल्या. मला मात्र आपल्या भाषेत कुणीतरी रागावायला हवं होतं. सांभाळता नाही आलं का गो तुला, असं म्हणून का होईना. हे रात्रपाळ्या बदलून घरी थांबायचे, पण मी रडायला लागले की उठून नळाचा वायसर बदलत बसायचे. त्यांनाही काही सुचत नव्हतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

आठ दिवसांनी पत्र लिहायला घेतलं. आम्ही सर्व खुशाल. मग विमला. आणि माझा हात आपोआप लिहीत गेला, की विमलाला दिवस गेले होते, पण गेल्या रविवारी ते राहिलं नाही. घरात तिने कुणाला सांगितलं नाही. ती खिडकीपाशी उभी असते, जेवण जात नाही, आणि तिची आई लांब आहे. त्या रविवारी खऱ्या मालिकेत असलं काहीच नव्हतं. विमलाची नणंद कॉलेजात पहिली आली होती आणि सगळे पेढे खात होते.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. अक्षर बाबांचं, मजकूर आईचा. 'विमलाला म्हणावं, सव्वा महिना गार पाण्यात हात घालू नको. कान झाकून बस. अळीव खा, मेथीची पेज कर, गूळ घाल. तुझ्यात काही खोट नाही, असं होतं बायांना, मलाही तुझ्या भावाच्या आधी झालं होतं. रडायचं तेवढं रड आणि मग ऊठ.' खाली बाबांचा ता.क.: 'तुझी आई टीव्हीतल्या नटीला निरोप पाठवू लागली आहे. मी लिहिणार नव्हतो, पण चूल पेटवायची नाही म्हणून अडून बसली.'

मला काय वाटलं सांगू? मला राग आला. पोटची पोर इथे सुकून चालली आहे, आणि आईला पुळका कुणाचा, तर विमलाचा! पत्र डब्याखाली ढकलून दिलं. पण मेथीची पेज मात्र केली. गुळाची चव अजून जिभेवर आहे.

मग शिमगा आला. आपल्याकडे शिमग्याला देवाची पालखी घरोघरी येते, गुरव अंगणात गाऱ्हाणं घालतो, ज्याच्या घरी जे अडलं असेल ते देवापुढे मांडतो आणि सगळे "होय महाराजा" म्हणतात. बाबांनी कळवलं ते असं: 'यंदा तुझ्या आईने हद्द केली. गुरवाला म्हणाली, विमलासाठी गाऱ्हाणं घाल, तिची ओटी भरू दे. गुरव म्हणाला, देवाला गाव सांगावं लागतं, कुठली ही बाई? तर म्हणते, बडोद्याची. आणि लोक होय महाराजा म्हणून मोकळे झाले. अगं, लखनौ कुठे, बडोदं कुठे! भूगोलाच्या नावाने आनंदच आहे.' हंसाबेनना मी हे वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मला तेव्हाही कळलं नाही. एवढी शिकलेली मी!

मे महिन्यात गावी गेले. तोवर खतिजाबींच्या मस्कतच्या मुलाने टीव्ही आणला होता. छपरावर उंच बांबूला अँटेना बांधलेला, आणि चित्र हललं की कुणीतरी परसात जाऊन तो बांबू फिरवायचा. रविवारी सकाळी आई मला घेऊन गेली. कौलांतून उन्हाचे कवडसे खाली आले होते, दाराबाहेर आमसुलं वाळत होती, पडद्यावर मुंग्या आणि मुंग्यांतून विमला. टीव्हीतली खरखर कुठली आणि खाली किनाऱ्यावरची लाट कुठली, ते कळत नव्हतं. गावातल्या पंधरा-वीस बाया चटईवर बसलेल्या. माझ्या पत्रांतून ऐकलेली विमला त्या गेला महिनाभर स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या.

आणि नेमकं त्या दिवशी विमलाची सासू शेजारणीला म्हणाली, लग्नाला दोन वर्षं झाली, अजून एकदाही गोड बातमी नाही. हिंदी फारसं कुणाला येत नसलं, तरी तेवढं सगळ्यांना समजलं. एकजण मागे वळली. "काय गो, तू तर लिवलं होतंस, तिचं मूल गेलं म्हणून? आम्ही तर देवाला साकडं घातलं." मग दुसरी वळली, मग सगळ्याच. माझ्या कानशिलांत आग. आता कुणी विचारलं असतं, मग कुणाचं गेलं, तर मी तिथेच कोसळले असते.

आईने टीव्हीवरची नजर हलवली नाही. शांतपणे म्हणाली, "बडोद्याला निराळी दाखवतात."

बायांनी माना डोलावल्या. तसं असेल, गुजरातेत सगळंच निराळं. खतिजाबींनी एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून फणसाचे गरे माझ्या पुढ्यात ठेवले. "निराळीच आसंल. खा गो बाय." आईचा हात पदराखालून आला आणि माझ्या पाठीवर टेकला. राकट, मासळीचा वास असलेला, ऊन. पेजेचा निरोप, सव्वा महिना, 'मलाही झालं होतं', देवाला सांगितलेलं गाव, सगळं त्या हाताबरोबर एकदम आलं. ज्या बाईला अक्षर लागत नव्हतं, तिने माझं पत्र पहिल्या दिवशीच वाचलं होतं. आणि मी त्यावर हसले होते. मालिका संपेपर्यंत तो हात तसाच होता. त्या भागात पुढे काय झालं, मला अजून माहीत नाही.

त्या विषयावर आम्ही दोघी पुढे कधीच बोललो नाही. दोन वर्षांनी माझी लेक झाली, तेव्हा बाबांच्या अक्षरात एकच ओळ आली: 'आई म्हणते, विमलाला पेढे पोचले म्हणून सांग.'

आता आई नाही, बाबा नाहीत. खाडीवर पूल झाला आहे, आणि पडवीला जाळी बसवून भावाने तिथे गाडी लावली आहे. गावी गेले की मला दोन दिवसांत बडोद्याची आठवण येते, आणि बडोद्यात परतले की खाडीची. दोन्हीकडे मी पाहुणीच. घर कुठे, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी गोंधळायची.

लेक टोरोंटोला असते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. परवा म्हणाली, "आई, माझी एक फ्रेंड आहे ना, तिचं बिचारीचं सेपरेशन चाललंय. घरी सांगितलं नाहीये तिने." मी नाव विचारलं. ती जरा अडखळली आणि खिडकीकडे बघायला लागली. मी पुढे काही विचारलं नाही.

म्हटलं, "तिला सांग, गरम खात जा. तुझ्यात काही खोट नाही म्हणावं. रडायचं तेवढं रड, आणि मग ऊठ. आणि हे बघ, तिला म्हणावं, बडोद्याला ये. दार उघडंच असतं."