पुलाखालून मारलेलं ‘रीच्ड’

‘रीच्ड मारणं’ म्हणजे काय, हे मी माझ्या बायकोला बरेचदा समजावून पाहिलं. ती म्हणते, माणूस पोहोचतो तरी किंवा पोहोचत तरी नाही, त्यात मारायचं काय? तिचं बरोबर आहे. आमच्या धंद्यात मात्र पोहोचणं ही मोबाइलवर दाबायची गोष्ट आहे.

माझी टोईंगची एक गाडी आहे. सपाट पाठीची. मागचा भाग उतरून जमिनीला टेकतो आणि बंद पडलेली मोटार तारेने ओढून वर घेता येते. चिंचपोकळीला गाळ्यांच्या रांगेत आमचा एक गाळा आहे, गाडी त्याच्यासमोर उभी असते. ती चालवतात माझे भावोजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. ते मूळचे मालवणकडचे. चांगलं काम होतं, ते सुटलं, तेव्हा मीच त्यांना बोलावून घेतलं. गाडीचा मालक मी, पण घरचे जावई ते. त्यामुळे मी त्यांना रागावू शकत नाही आणि ते मला सोडत नाहीत.

बहुतेक काम मोटार क्लबकडून येतं. मोटारवाले वर्षाची वर्गणी भरून क्लबचे सभासद होतात आणि गाडी बंद पडली की क्लबला फोन करतात. क्लबकडे स्वतःची टोईंगची एकही गाडी नाही. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात बसलेली एखादी मुलगी आमच्यासारख्याला फोन लावते, केस देते, मोबाइलवर नकाशा येतो आणि घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या वेळेत ‘रीच्ड’चं बटण दाबलं गेलं नाही तर आमचे गुण कापले जातात. गुण फार खाली गेले की क्लब पहिल्या यादीतून नाव काढतो. मग दुसऱ्यांनी नाकारलेल्या केसेसच तेवढ्या आपल्याकडे येतात.

बटण घरी बसून दाबता येत नाही. आपली गाडी गिऱ्हाइकाजवळ आहे असं नकाशाला दिसावं लागतं. पण नकाशाला वर आणि खाली कळत नाही. लालबागच्या उड्डाणपुलावर बंद पडलेली मोटार आणि त्याच पुलाखाली सिग्नलला अडकलेला आमचा ट्रक, दोघांचा ठिपका एकच. रुळांच्या अलीकडे थांबून पलीकडच्या मोटारीचंही रीच्ड मारता येतं. भायखळ्यापासून दादरपर्यंत टोईंग करणारे सगळे हे जाणतात. कुणी त्याला खोटं म्हणत नव्हतं. ‘मारून ठेव’ म्हणायचे, रुमाल टाकून जागा धरावी तसं. मीही म्हणत होतो.

तो आगमनाचा शनिवार होता. परळच्या कारखान्यांतून मोठे गणपती मंडळांकडे निघायचे ते दिवस. आम्ही लालबागला पुलाखाली पोहोचलो आणि तिथेच अडकलो. पुढे ट्रॉलीवर झाकलेली मूर्ती, तिच्यापुढे ढोल, बाजूला बांबूने वायरी वर उचलून धरणारी पोरं. भावोजी स्टिअरिंगवर हात टाकून बसले होते. तेही ओढूनच नेतायत, आपणही ओढूनच नेतो, पण त्यांच्यापुढे लोक नाचतात, असं ते म्हणाले. मी हसलो. केस वर पुलावर होती. एक वयस्कर जोडपं गिरगावहून शिवाजी पार्कला घरी चाललेलं, मोटार मध्येच बंद पडलेली. वर जायचं तर गाडी वळवून पुन्हा भायखळ्याच्या टोकाला जायला हवं होतं.

“वेळ संपत इलो,” भावोजी म्हणाले. “मारून ठेव.”

मी मारलं.

थोड्या वेळाने फोन आला. एका बाईंचा आवाज, शांत, शाळेत शिकवत असाव्यात असा. “तुम्ही टोईंगवाले ना? क्लबच्या मुलीने सांगितलं की तुमची गाडी आमच्याशेजारी उभी आहे. मी म्हटलं इथे काहीच नाही. ती म्हणाली, मॅडम, ठीक से देखिए, गाडी वहीं पे है.”

“आलोच, मॅडम. जरा ट्रॅफिक आहे.”

“एक मिनिट. पिवळा ट्रक आहे का तुमचा?”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं. पुलाच्या कठड्यावरून एक पांढऱ्या केसांचं डोकं खाली वाकलेलं होतं, कानाला फोन. आम्ही एकमेकांना अगदी स्पष्ट पाहिलं.

“तुम्ही खाली आहात,” त्या म्हणाल्या. आवाज तरीही चढला नव्हता. “माझे मिस्टर तुम्हाला शोधायला मागे चालत गेलेत. गाडी आली आहे पण आपण त्यांना दिसत नसू, असं म्हणाले. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय हो. फोनही इथे सीटवर आहे.”

त्या पुलावर चालायला जागा नाही. गाड्या अशा सुटतात की कडेला उभ्या माणसाचा सदरा फडफडतो. मी भावोजींकडे पाहिलं, त्यांनीही ऐकलं होतं. मी खाली उतरलो आणि गर्दीत हात जोडत, लोकांना बाजूला करत गाडी वळवायला जागा केली. मंडळाच्या एकाने शिवी दिली. मी म्हटलं, दे, पण जागा दे. भावोजींनी गाडी वळवून भायखळ्याच्या टोकाला आणली.

वर चढलो आणि बरंच अंतर गेल्यावर बाईंचे मिस्टर दिसले. कठड्याला एक हात लावून, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री आडवी धरून, येणाऱ्या गाड्यांना ती दाखवत ते उलट्या दिशेने चालत येत होते. आमचा ट्रक दिसताच टॅक्सीला करावा तसा त्यांनी हात केला. मी त्यांना धरून वर बसवलं. सदरा घामाने भिजला होता, श्वास लागला होता.

“तुम्हाला त्रास झाला,” ते मला म्हणाले. “आमची गाडी काळपट रंगाची, पटकन दिसत नाही.”

काहीच झालं नाही. त्यांना पाणी दिलं, मोटार वर घेतली, दोघांना घरी सोडलं. वाटेत केबिनमध्ये बाईंनी एकदाच विचारलं, “पोहोचलात असं तुम्ही का कळवलंत?” मी म्हणालो, “ते आपोआप होतं, मॅडम, सिस्टिमने.” त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही हे मला कळलं, आणि आता त्या पुढे विचारणार नाहीत हेही कळलं. संध्याकाळी क्लबकडून निरोप आला: ग्राहकाने पूर्ण गुण दिले आहेत.

ते गुण माझ्या घशाखाली उतरले नाहीत. त्यांनी तक्रार केली असती तर मी भांडलो असतो, ट्रॅफिकवर ढकललं असतं आणि विसरलो असतो. छत्री धरून उलट्या दिशेने चालणारा तो माणूस मात्र मला रोज दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर मी भावोजींना सांगितलं, “आजपासून मोटारीची नंबरप्लेट डोळ्यांनी दिसल्याशिवाय रीच्ड मारायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही.”

“साधू झालस काय तू?”

“नाही. पण मारायचं नाही.”

“बाकीचे सगळे मारतत.”

“मारू देत.”

ते फडक्याने काच पुसत राहिले. मग म्हणाले, “गुण तुझे जातले आणि पोट माझा जातला.” हे खोटं नव्हतं. त्यांना फेरीमागे पैसे मिळतात. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून त्यांच्या फेऱ्या कमी होणार होत्या. एका माणसाला पुलावर चालवलं म्हणून खंत करायची आणि दुसऱ्याला घरी बसवायचं, हा कुठला न्याय, हे मी तेव्हाही स्वतःला विचारत होतो. तरीही बटण दाबायला बोट पुढे जाईना.

मग मी दुसरी एक सवय लावून घेतली. केस आली की गिऱ्हाइकाला स्वतः फोन करायचा आणि आम्ही खरोखर कुठे आहोत ते सांगायचं, क्लबच्या मुलीलाही तेच. “साहेब, मी भायखळ्याच्या भाजी मार्केटपाशी आहे, पुढे टेम्पो आडवा लागलाय, तासभर धरा.” पहिल्या दिवशीच एक जण म्हणाला, “मग फोन कशाला केलास? रडायला?” दुसऱ्याने सरळ केस रद्द केली. एक बाई मात्र म्हणाल्या, “तासभर ना? मग मी समोर डोसा खाते, आलात की हाक मारा.” हॉर्न वाजवल्यावर त्या हात पुसत बाहेर आल्या.

गुण घसरत गेले. क्लबचा इथला माणूस, म्हणजे आमच्यासारख्यांवर लक्ष ठेवायला नेमलेला मुलगा, एक दिवस गाळ्यावर आला. पाठीला बॅग, बोलायला गोड.

“काका, काय झालं? आधी तर तुमचे गुण मस्त होते.”

“आधी मी न पोहोचता दाबत होतो.”

“मग दाबा ना.” त्याने चहाचा घोट घेतला. “गिरगावपासून दादरपर्यंत एक माणूस दाखवा, जो पोहोचून दाबतो.”

“तुझ्यासमोर बसलाय.”

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा थांबला. मी त्याला पुलाची गोष्ट सांगितली. म्हटलं, वेळ वाढवून द्या, निदान गणपतीच्या दिवसांत. तुमच्या त्या मुलींना सांगा की इथे एकाच्या डोक्यावर दुसरा रस्ता आहे. त्याने सगळं मन लावून ऐकलं. “मी वर कळवतो,” तो म्हणाला, “पण वरचे लोक कधी लालबागला आलेले नाहीत, काका. तुमचं नाव पहिल्या यादीतून जाईल. मी थांबवू शकणार नाही.” वाईट मुलगा नव्हता. जाताना त्याने चहाचा ग्लास स्वतः विसळून ठेवला.

नाव गेलं. बहीण आली ती न बसताच बोलली. “दादा, तुझं बरोबर असेल रे. पण त्यांना घरी बसायची सवय नाही. दिवसभर पंख्याकडे बघत बसतात.” मी म्हटलं, बसू देणार नाही. त्या दिवसापासून मी सकाळी चालत निघायचो. भायखळा, लालबाग, परळ, दादर, जे गॅरेज दिसेल तिथे जाऊन कार्ड द्यायचं, काम मागायचं. या वयात नव्याने काम मागणं जड जातं. पहिल्या गॅरेजसमोरून मी दोनदा पुढे निघून गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो.

क्लबही उरलंसुरलं पाठवत होताच. मुख्यतः तळघरातल्या गाड्या. नव्या टॉवरांच्या तळघरात छत इतकं खाली असतं की आमचा ट्रक आत जात नाही. बंद मोटारीच्या चाकांखाली छोट्या चाकांच्या पाट्या सरकवून ती हाताने ढकलत उतारावरून वर आणावी लागते. पहिल्या यादीतले त्या केसेस घेत नाहीत. आम्ही घेतल्या. भावोजी ढकलताना माझ्या नावाने जे जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एकही केस त्यांनी सोडली नाही. एकदा वॉचमनने विचारलं, तुम्ही दोघे भाऊ का? भावोजी म्हणाले, “छे, ह्याच्या बहिणीशी लगीन केलंय, त्याची शिक्षा हा.”

असं वर्ष गेलं. पुन्हा आगमनाचा शनिवार आला. आम्ही दुपारी गाळ्यावर डबा खात होतो तेव्हा क्लबचा फोन आला. दूरच्या शहरातल्या त्या मुलींपैकीच एक. आवाज थकलेला.

“सर, लालबाग फ्लायओवर पे एक केस है. दो वेंडर ने रीच्ड डाल दिया है, कस्टमर बोल रहा है कोई नहीं आया. छोटे बच्चे हैं गाडी में. आप सच बताते हैं, इसलिए आपको लगाया. सच में कितना टाइम लगेगा?”

मी गल्लीच्या तोंडाशी गेलो. ढोल जवळ आले होते, रस्ता दोन्ही बाजूंनी भरलेला. आतल्या बाजूने भायखळ्यापर्यंत जायचं, मग वर.

“दीड तास,” मी म्हणालो.

मला वाटलं, फोन ठेवेल. “ठीक है सर,” ती म्हणाली, “मैं कस्टमर को डेढ घंटा ही बोलती हूँ. उनको बोलूँ कि बच्चों को लेके गाडी से न उतरें?”

“हो, तेच सांगा. कुणी उतरू नका, कुणी चालत जाऊ नका. मी येतो आणि त्यांनाही फोन करतो.”

पहिल्या यादीत माझं नाव परत आलेलं नाही. त्या दिवशीही आलं नाही. भावोजींनी डबा तसाच बंद केला, हात धुतले आणि गाडी सुरू केली. आतल्या गल्ल्यांतून मी पुढे चालत, हात दाखवत, स्कूटर उचलून बाजूला ठेवत वाट काढली. मधे दोनदा त्या मोटारीतल्या बापाला फोन केला. दुसऱ्यांदा मागून एक पोर म्हणत होतं, बाबा, काका आता कुठे आले? आम्ही तेव्हा भायखळ्याच्या टोकाला होतो, मी तसंच सांगितलं.

पुलावर चढलो. खाली ढोलांचा आवाज राहिला. मोबाइल डॅशबोर्डवर लावलेला होता आणि नकाशावर दोन्ही ठिपके केव्हाच एकमेकांवर चढले होते. पुढे वळणावर लुकलुकणारे दिवे दिसू लागले.

“मारू काय आता?” भावोजींनी विचारलं. त्यांचं बोट बटणावर होतं.

“नंबर दिसू दे.”

त्यांनी बोट मागे घेतलं आणि गाडीचा वेग कमी केला.