केसांच्या तेलाचा आळ

केडगावातल्या ज्या स्विमिंग टँकवर मी बायकांना पोहायला शिकवते, तिथे बायकांची वेळ दुपारी तीन ते चार. सकाळ-संध्याकाळच्या चांगल्या वेळा पुरुषांच्या आणि मुलांच्या. एप्रिलमध्ये नगरला दुपारी तीन वाजता फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आम्ही टॉवेल ओले करून अंथरायचो आणि त्यावरून पाण्यापर्यंत जायचो. तीन वर्षं मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बायका येतायत, तेवढं पुरे, असं वाटायचं. तेव्हाच बोलले असते तर पुढचं इतक्या सहज आमच्या अंगावर ढकललं गेलं नसतं.

माझं माहेर काष्टीचं. मी पोहायला शिकले ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. वडिलांचा एकच नियम होता. पाण्याखालची चौथी पायरी वरून दिसली नाही, तर त्या दिवशी उतरायचं नाही. एवढी साधी गोष्ट ज्यांना शिकवावी लागते अशा माणसांशी पुढे माझी गाठ पडणार होती.

माझ्या बॅचमध्ये चौदा जणी होत्या. सगळ्यांत मोठ्या एक काकू, अंगणवाडीत मदतनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. गुडघे गेलेले. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं म्हणून त्या आल्या आणि पहिले आठ दिवस काठाचा दांडा सोडायला तयार नव्हत्या. नंतर मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या.

त्या एप्रिलमध्ये टँकचं पाणी बदलायला लागलं. आधी नुसतं फिकट झालं, मग तांदूळ धुतल्यावर निघतं तसं पांढुरकं. टँकवर पाण्याचं काम बघणारे एक मामा आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, साहेबांनी क्लोरीनची पावडर वाढवायला सांगितलीय, मी रोज वाढवतोय. साहेब म्हणजे टँकचे व्यवस्थापक. पावडर वाढत गेली तसं पाणी आणखी गढूळ होत गेलं. आमच्या डोळ्यांची आग व्हायला लागली. मी दोनदा व्यवस्थापकांच्या कानावर घातलं. बघतो म्हणाले.

तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली ती वेगळ्याच कारणाने. त्या दुपारी मी एका नवीन मुलीला तरंगायला शिकवत होते. काकू उथळ बाजूला चालत होत्या. तिथे एका ठिकाणी तळ एकदम उतरता होतो. त्यांचा पाय घसरला असणार. ना आवाज झाला, ना पाणी उडालं. मी वळून डोकी मोजली तर एक कमी भरलं. पाण्याकडे बघितलं तर नुसतं पांढरं. कुठे बुडी मारायची तेच कळेना. अंदाजाने आत गेले आणि चाचपडत असताना हाताला त्यांची बाही लागली. ती लागली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

काठावर बसवल्यावर त्या बराच वेळ खोकत होत्या. श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "मी डोळे उघडले हुते ताई, पण वर कुठं हाय तेच कळंना."

मी तिथेच बॅच थांबवली आणि ओल्या कपड्यांनिशी व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. काय झालं ते सांगितलं आणि तळ दिसेपर्यंत टँक सगळ्यांसाठी बंद ठेवा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली, काळजी करू नका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर सूचना लागली. महिला सभासदांच्या केसांना लावलेल्या तेलामुळे पाणी खराब होत असल्याने महिलांची बॅच पुढील सूचनेपर्यंत बंद. हाच मजकूर सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आला. टँक बंद झालाच नाही. फक्त आम्ही बंद झालो. ज्या पाण्यात आदल्या दिवशी एक बाई दिसेनाशी झाली होती, त्याच पाण्यात संध्याकाळी पाच वाजता लहान मुलांची बॅच उतरली.

आमच्या बॅचमध्ये टोपी घातल्याशिवाय आणि शॉवर घेतल्याशिवाय कुणी पाण्यात जात नाही. हा नियम मीच केला होता आणि पाळायला लावला होता. सकाळच्या पुरुषांपैकी किती जण अंगाला तेल चोळून येतात ते मामांना माहीत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही. मी व्यवस्थापकांना विचारलं, तेल आमचंच कशावरून? ते म्हणाले, हे मी म्हणत नाही, केमिकल देणारे दुकानदार म्हणतात, ते यातले तज्ज्ञ आहेत.

मग मी त्या तज्ज्ञांकडे गेले. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत टँकचं पाणी भरलं, स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि नगरमधल्या त्यांच्या दुकानात नेलं. त्यांनी पाणी एका छोट्या नळीत घेतलं, तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरून एक नजर टाकली. क्लोरीन कमी पडतंय, वर बायकांचं तेल, असा निकाल दिला. औषध म्हणून तीच पावडर आणखी, आणि सोबत निळ्या औषधाचा एक कॅन.

त्यांच्या झटपटपणाचा मला राग आला होता, म्हणून मी एक खोटेपणा केला. चार दिवसांनी टँकचं पाणी एकाच बादलीत काढून दोन बाटल्यांत भरलं आणि पुन्हा गेले. ही आमच्या टँकची, म्हटलं, आणि ही माझ्या ओळखीच्या एका फार्महाऊसची. आमच्या बाटलीला त्यांनी पुन्हा पावडर सांगितली. दुसरीला म्हणाले, यांनी पावडर फार मारलीय, हे वेगळं औषध न्या. मी म्हटलं, दोन्ही एकाच बादलीतल्या आहेत. ते थोडेही गडबडले नाहीत. इतकी वर्षं या धंद्यात आहे, म्हणाले. थेंबांची बाटली काउंटरवरच होती. मी उचलून पाहिली. तिची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. ते दाखवल्यावर म्हणाले, "मॅडम, तारीख नुसती छापायची असते." मुदत संपलेल्या त्या थेंबांच्या जिवावर आम्हाला टँकबाहेर काढलं होतं.

माझी काष्टीच्या शाळेतली मैत्रीण संगमनेरला एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. फोन केला तर तिने आधी मलाच झापलं. कोल्ड्रिंकची बाटली, काठावरचं वरवरचं पाणी, तेही तापलेल्या डिकीतून नेलेलं. असल्या पाण्याबद्दल देवालाही काही सांगता येणार नाही, म्हणाली. मग नीट समजावलं. जिथून फिल्टरचं पाणी आत येतं तिथून लांब उभं राहायचं. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळायची. हात कोपरापर्यंत खाली नेऊन काठोकाठ भरायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि त्याच दिवशी आणायची. आणि ज्या बोअरचं पाणी टँकमध्ये भरतात त्याचीही एक बाटली वेगळी.

मी पहाटेची एसटी धरून संगमनेरला गेले. तिने पाण्यात काही टाकलं तसं ते लालसर झालं, मग वरच्या नळीतून थेंब थेंब सोडत ते निळं होण्याची वाट बघत बसली. बोअरच्या पाण्यालाही तसंच केलं. किती तरी वेळ गेला तरी लाल जाईना. नळी बंद करून ती म्हणाली, तुमचं बोअरचं पाणी आधीच भयंकर जड आहे. तुम्ही टाकता ती पावडरही चुन्याचीच. जितकी टाकाल तितका चुना वाढणार, पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणा, वर चढणार, आणि तो चढला की क्लोरीनचा जोर उतरतो. मग दुकानदार म्हणणार, क्लोरीन कमी पडतंय, आणखी टाका.

"तुम्ही पाण्यात चुना कालवताय," ती म्हणाली. "तेलाचा काही संबंध नाही. एवढं तेल असतं तर काठाला चिकट रेघ दिसली असती."

तिने मला नव्या थेंबांची एक पेटी दिली, कारण क्लोरीन आणि पीएच जागेवरच तपासायचे असतात, वाटेत ते बदलतात. शिवाय क्लोरीन फार झालं तर पीएचच्या थेंबांचा रंगच फसवतो, हेही सांगितलं. आणि म्हणाली, मी सांगते म्हणूनही मानू नकोस, आठवडाभर रोज एकाच वेळेला स्वतः तपास आणि लिहून ठेव. इतक्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवू नकोस म्हणणारी ती पहिली व्यक्ती. तिच्यावर विश्वास बसला तो त्यामुळेच.

आठवडाभर मी आणि मामांनी मिळून पाणी तपासलं. मैत्रिणीने फिल्टरबद्दल विचारायला सांगितलं होतं. मामांनी सगळं सांगितलं. फिल्टर दिवसातून तीनच तास चालतो, वीज वाचवायची म्हणून. उलटं पाणी सोडून तो धुवायचा असतो, ते कित्येक महिन्यांत केलेलं नाही, पाणी वाया जातं म्हणून. आतली वाळू ते कामाला लागल्यापासून बदललेली नाही.

"हे तुम्ही साहेबांना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई, मॅडम."

रोज त्या पाण्यात हात घालणारा हा एकच माणूस, आणि त्यालाच कुणी विचारलं नव्हतं. दुकानदाराचं खरं मानलं, कारण त्याच्याकडे काउंटर होता.

मी नोंदींचा कागद व्यवस्थापकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचल्यासारखं केलं. तेव्हा मी म्हटलं, काकूंचं त्या दिवशी काय झालं ते मी आजच ग्रुपवर लिहिते, मुलांच्या आईवडिलांनाही कळू दे. टँक त्या संध्याकाळी बंद झाला. माणूस बुडता बुडता वाचला त्याने बंद झाला नव्हता, ग्रुपवर कळेल म्हटल्यावर झाला.

पावडर थांबवली. मैत्रीण फोनवरून माप सांगायची, मामा हातमोजे घालून तेवढंच आम्ल पाण्यात सोडायचे. फिल्टरची वाळू बदलली, तो दिवसरात्र चालू ठेवला, थोडं पाणी काढून टाकून टँकरचं गोडं पाणी भरलं. चौथ्या दिवशी खोल बाजूच्या तळाची जाळी दिसली. पाचव्या दिवशी जाळीचे स्क्रू मोजता आले. मामांनी मला हाताला धरून ते दाखवायला नेलं.

ग्रुपवर व्यवस्थापकांचा मेसेज आला. तज्ज्ञांच्या सल्ल्याने पाणी पूर्ण शुद्ध. त्याखाली दुकानदाराचे आभार. दारावरची सूचना कुणी तरी गुपचूप काढली होती. मी म्हटलं, जसं ग्रुपवर आमचं नाव घेतलंत, तसंच आता लिहा की बायकांमुळे पाणी खराब झालं नव्हतं. ते म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, पाणी झालं ना स्वच्छ." मग मी स्वतःच ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या तासात ते तिथून काढून टाकलेलं होतं. मी तोच मजकूर सभासदांना एकेक करून पाठवला. दोघातिघांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

बॅच पुन्हा सुरू झाली. वेळ तीच, दुपारी तीन. चौदातल्या नऊ जणी आल्या. काकू आल्या, आणि या खेपेला दांडा न धरता उतरल्या. बाकीच्या पाच जणींना मी फोन केले. चौघींनी काही ना काही कारण सांगितलं. पाचवीने फोन उचलला नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. बॅचमध्ये सगळ्यांत चांगलं पोहणारी तीच होती.

तिने चहा केला. सासूबाई आत होत्या म्हणून हळू आवाजात बोलली. ग्रुपवरचा तो पहिला मेसेज तिच्या नवऱ्याने घरात मोठ्याने वाचून दाखवला होता. जिथे तिथे घाण करून येता, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यानंतर टँकचा विषय काढायची सोय राहिली नव्हती. मी म्हटलं, मी बोलते ना त्यांच्याशी, माझ्याकडे तपासलेलं सगळं लिहून ठेवलंय. तिने मान हलवली. नको ताई, म्हणाली. मग पाणी आता कसं आहे ते विचारलं. मी सांगितलं, जाळीचे स्क्रूही दिसतात. तिने ते नीट ऐकलं, बिस्किटांची ताटली माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारायला लागली.