पोतं उचलण्याआधीचं ‘व्हय?’

सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात आता माल ढकलगाडीवरून आत जातो. सोय झाली खरी, पण मला ते दुकान मुकं वाटतं.

पूर्वी तिथं माल उतरवायला एक हमाल असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. साखरेचं पोतं आलं की एक बाजू तो धरायचा आणि दुसरी खुद्द मालकांना धरायला लावायचा. मग वाकून विचारायचा, “व्हय?” मालकांनी “व्हय” म्हटल्याशिवाय पोतं हलायचं नाही. ते फोनवर असले, तर हा पोत्याला टेकून निवांत तंबाखू मळत राहायचा. गिऱ्हाइकं खोळंबली तरी खुशाल.

मालकांचा मुलगा वैतागायचा. “अहो, दर वेळी काय विचारायचं? उचला की!”

“आवं धाकलं मालक, एकानं उचललं आन दुसरा गाफील ऱ्हायला, की कंबर गेलीच म्हणा.”

मला हसू यायचं. पण घरी कपाट सरकवताना मीही बायकोला “व्हय?” विचारायला लागलो होतो.

मालक गेले, तेव्हा तिरडीला पुढं तो आणि मुलगा होते, मागं मी आणि एक शेजारी. आम्ही वाकलो. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, “व्हय?”

 उत्तराशिवाय तो उचलेना. मान खाली घालून तसाच थांबला.

शेवटी मुलगा हळूच म्हणाला, “व्हय.”

मग चौघांनी मिळून मालकांना उचललं.