विहिरीवरचा अँटेना

त्या रिमोटवाल्या दुकानदाराचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मुर्रीला आमचं घर गावाच्या टोकाला आणि विहीर धानाच्या पाच-सहा बांध्या ओलांडून. पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी टाकलेलं धानाचं रोप, विहिरीजवळच. त्या वर्षी पावसानं दडी मारली आणि पऱ्हे पिवळे पडायला लागले. ते गेले असते तर रोवायला काडी उरली नसती. विजेच्या लाइनचा भरवसा नव्हता. ती यायची आणि मी चप्पल शोधेपर्यंत जायची.

गोंदियाच्या दुकानदारानं मोटरचा रिमोट गळ्यात मारला. "खटिया पे लेटे-लेटे चालू करो, भैया!" खाटेवरून काही होईना. शेताच्या धुऱ्यावर गेलो, तरी नाही. विहिरीपाशी उभा राहिलो तेव्हा कुठे मोटर घुरघुरली. तिथं उभं राहायचं तर रिमोट काय ओवाळायला घेतला होता?

अशा वेळी मला डोकं चालवायची हुक्की येते. डिश लागल्यापासून टीव्हीचा जुना अँटेना छपरावर पडून होता. त्याच्या दांड्या उंच बांबूला बांधल्या, बांबू विहिरीवर रोवला आणि टीव्हीचीच वायर खाली आणून मोटरपाशी बसवलेल्या रिमोटच्या डब्याला जोडली. अंगणातून बटण दाबलं. पाच-सहा बांध्यांपलीकडे मोटर घुरघुरली! मी गावभर सांगून आलो.

दुसऱ्या दिवसापासून मोटर अर्ध्यावर बंद पडू लागली. मी सुरू करावी, तिनं थांबावं. वायरमनच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी भर उन्हात विहिरीवर जाऊन बसलो. लाइन होती, विहिरीवरचा बल्ब जळत होता, आणि माझी मोटर आपोआप थांबली. त्याच क्षणी नाल्यापलीकडची चुलतकाकीची मोटरही थांबली.

तसाच नाला ओलांडला. काकी तिच्या विहिरीला लागूनच्या पडवीत खाटेवर, हातात रिमोट. गुडघे गेलेले, म्हणून पोरानं आणून दिलेला. माझ्यासारखाच, त्याच दुकानातला.

"काकी, माही मोटर काऊन बंद करून राहिल्या?"

"मी माही बंद केली. वांग्याईले पाणी झालं. तुही कायले आयकते?"

"माहे पऱ्हे मरून राहिले ना!"

"मंग मी का करू? बरी हाय बाप्पा तुही मोटर. तुह्यापेक्षा बरी, सांगतलेलं आयकते तरी."

तिथून तडक गोंदिया. दुकानदार पान चघळत म्हणाला, "कोड तो सबमें एक ही आता है, भैया. रेंज कम थी तब झगड़ा था क्या? आपने अँटेना काहे लगाया?"

मी काउंटरवर हात आपटला. हात दुखला.

घरी बायको म्हणाली, "अँटेना काढा ना मंग. पायी जा."

"नाई काढत!" मी ओरडलो. गावभर सांगून झालं होतं.

पुन्हा काकीकडे गेलो. म्हटलं, रिमोटनं सुरू करा, पण बंद करताना हातानं करा. हातानं बंद केली तर तुमचीच थांबते.

"ह्या गुडघ्यानं? तू ये आन् कर."

मी तणतणत हो म्हणालो. मग रोजचं ठरून गेलं. काकी खाटेवरून बटण दाबायची, दोन्ही मोटरी सुरू व्हायच्या. वांग्यांना पाणी झालं की ती हाक मारायची आणि मी आमच्या विहिरीच्या दुप्पट अंतर तुडवत, नाला ओलांडून, तिची मोटर हातानं बंद करायला जायचो. माझी तिकडे पऱ्ह्यांत पाणी सोडत राहायची.

पऱ्हे हिरवे झाले. रोवणीला आलेल्या बाया म्हणाल्या, "यंदा पऱ्हे बेस साधले, भाऊ."

गाडीवरून येऊन आमच्या धुऱ्यावर खाट टाकून बसलेली काकी म्हणाली, "साधतीन नाई तं का! हा पोरगा रोज धावत होता ना वो."

मी दात आवळले आणि पऱ्ह्यांची पेंडी उचलून बांधीत उतरलो.