पदरावरच्या दोघी

माझ्या लग्नाच्या लुगड्यावरून शहापुरातली आमची गल्ली किती हसली म्हणून सांगू! हसेनात का. तसला पदर दुसऱ्या कुणाच्या नशिबी नव्हता.

गोऱ्यांच्या कॅम्पातली एक मडम आमच्या हातमागावरची लुगडी घ्यायची. विलायतेला परत जाताना ती आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, एक जुनं चित्र देऊन गेली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेली, कुठल्याशा राजाच्या महालामागची बाग. मधोमध कारंजं, दोन्ही अंगांना तंतोतंत सारखे वाफे, वळणावळणाच्या वाटा. डावीकडं घेरदार झग्यातली एक बाई, उजवीकडं तिच्याकडं बघणारा टोपीवाला बाप्या. आप्पा बघतच राहिले.

"ही बाग न्हवं, पदर हाय," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नाला ह्योच घालतो."

आता, विणकर अख्खी नक्षी कधी बघतो का? अर्धी बघायची आणि दुसऱ्या अंगाला उलटी पाडायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आप्पांनी डावी बाजू डोळ्यांत भरून घेतली आणि मागावर बसले. हिरव्या रेशमात वाफे उठले, कारंजं उठलं. ऐन लग्नाच्या तोंडावर लुगडं मागावरून उतरलं, तर कारंज्याच्या दोन्हीकडं बायकाच! बाप्या गायब.

"अवो, नवराच इणला न्हाय तुम्ही!" आईनं कपाळाला हात लावला. बायका मला विचारायच्या, "काय गं, दादला कुठं पळाला?" आप्पांचं तोंड एवढंसं झालं. दुसरं लुगडं विणायला वेळ नव्हता.

मला हसण्याचं काही वाटलं नाही. भीती होती ती सासूची. सासर निपाणीचं, तेही विणकरांचंच. तिथं चूक लपणार कशी? त्यात सासू लई फटकळ, असं जो तो सांगायचा. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या आप्पांना नावं ठेवली असती, तर मला ते सोसलं नसतं.

सासरी पोचले, आणि सासूबाईंनी आधी पदरच हातात घेतला. "ह्या दोघी कोण गं?"

जीव मुठीत धरून मी खरं ते सगळं सांगितलं. त्या बराच वेळ नक्षीवरून बोट फिरवत राहिल्या.

"बाप्ये ह्या घरात लई हाईत," त्या म्हणाल्या. "बोलाय बाईच न्हवती." मग पदर स्वतःच्या मांडीवर पसरून हळूच विचारलं, "ह्यातली मी कुठली गं?"

"ही, आत्याबाई," म्हणून मी एका बाईवर बोट ठेवलं, आणि मला रडूच कोसळलं.